तायडेसाहेबांचं ‘बिलिव्हेबली’

एका संध्याकाळी तायडेसाहेबांनी मला इतक्या वेळा मरायला लावलं, की शेवटी खरंच जीव गेला तर निदान घरी तरी जाता येईल, असं मला वाटायला लागलं. मी माझ्या परीनं उत्तम मरत होतो. छातीवर हात ठेवायचो, दोन पावलं मागे जायचो, मुलाला हाक मारायचो आणि बेसिनच्या खोक्यांच्या आधारानं हळूहळू खाली बसायचो. साहेब स्टुलावरून उठायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "परकारभाऊ, मरणाऱ्या माणसाले आपण मरून राह्यलो हे माहीत नसते. तो पाणी मागते. डोळ्यावर चष्मा असतानी चष्मा शोधते. तुम्ही तर फोटो काढाले उभे राह्यले. बिलिव्हेबली मरा."

हे ‘बिलिव्हेबली’ त्यांचं. बहारीनमधल्या आमच्या गोतावळ्यात त्यांना पाठीमागे सगळे बिलिव्हेबली तायडेच म्हणत. ते अकोल्याकडचे, हिद्दच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. बायको आणि मुलगी यांच्यासह सनद नावाच्या वस्तीत माझ्या शेजारच्याच गल्लीत राहायचे. दर एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या जवळचा सुट्टीचा शुक्रवार धरून त्यांची मंडळी हॉल घेत. भाषणं, गाणी, जेवण आणि शेवटी तायडेसाहेबांनी लिहिलेली, बसवलेली एकांकिका. मी, श्रीवर्धनचा कोकणी मुसलमान, या नाटकांत कसा घुसलो, असं मला पुष्कळ जण विचारतात. त्याचं उत्तर सोपं आहे. हूरा भागातल्या ज्या सॅनिटरीच्या दुकानात मी नोकरी करतो, त्याच्या मागे मोठी स्टोअररूम आहे. साहेबांना तालमीला जागा हवी होती आणि मला लहानपणापासून नाटकात मरायची हौस होती. आमच्या मालकांनी जागा वापरायला हो म्हटलं, तेव्हापासून नाटकातला म्हातारा बाप माझ्याकडे कायमचा आला. आमच्या नाटकातले सगळे राजे आणि पाटील पॅक केलेल्या कमोडवर बसून तालमी करत.

तो शब्द त्यांना मिळाला कारखान्यात. तिथे मॉक ड्रिल होती, म्हणजे अपघात झालाय असं समजून सगळ्यांनी धावाधाव करायची. जखमी म्हणून तायडेसाहेबांची निवड झाली. ड्रिल घेणाऱ्या गोऱ्या ट्रेनरनं त्यांना एवढंच सांगितलं की, लाय डाऊन बिलिव्हेबली. साहेब पडले ते असे पडले, की फिलिपिनो नर्सनं त्यांना सलाईन लावली आणि हाक मारता मारता ती रडायला लागली. शेवटी खरी अॅम्ब्युलन्स आली. साहेब उठून बसले तर त्यांना दोघांनी धरून पुन्हा झोपवलं. त्या दिवशी त्यांना कारखान्यात ताकीद मिळाली आणि आयुष्यभराचा शब्द मिळाला.

घरी येऊन त्यांनी डिक्शनरी उघडली. तिथे ‘विश्वसनीयपणे’ असं दिलेलं होतं. ते त्यांना मुळीच पसंत पडलं नाही. विश्वसनीय फक्त पेपरवाल्यांची सूत्रं असतात, म्हणाले. ‘खऱ्यासारखं’ हा शब्द मी सुचवून पाहिला. त्यावर ते म्हणाले की, खऱ्यासारखं म्हटलं की ते खोटं आहे हे आधीच कबूल केलं. बरेच दिवस चर्चा करून आम्ही ‘पटेल असं’ इथपर्यंत आलो, तेही त्यांना अर्धंच पटलं. समोरच्याला पटवायला गेलं की बिघडतं, आपण आपलं काम करत राहावं आणि त्याला आपोआप पटावं, असा काहीतरी अर्थ त्यांच्या मनात होता. तो मराठी शब्दात मावेना, म्हणून त्यांनी इंग्रजी शब्दच ठेवून घेतला आणि मग त्याला घरच्या माणसासारखा राबवला.

कारण नाटकापुरता तो राहिलाच नाही. चहा पाणचट झाला की, "हा चहा बिलिव्हेबली नाही." कुणी वरवर माफी मागितली की, पुन्हा मागायला लावत, बिलिव्हेबली. त्यांची मुलगी प्रज्ञा इंग्रजी शाळेतली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. ती कपाळाला हात लावायची. "बाबा, यू कान्ट यूज इट लाइक दॅट." साहेब शांतपणे सांगत की, शब्द ज्याच्या कामाला येतो त्याचा असतो, आणि कप पुढे करत.

रजा मागायची असली की कारखान्यातले लोक आधी त्यांच्याकडे यायचे. साहेब त्यांचं कारण ऐकून घेत आणि अर्ध्यावर थांबवत. त्यांचं म्हणणं, खरा माणूस एक कारण देतो आणि गप्प बसतो. बापाची तब्येत बरी नाही म्हटलं की झालं. बापाची तब्येत, वर घराचं छप्पर, वर बहिणीचं लग्न, असं सांगायला लागला की मॅनेजरनं ओळखावं. "खोटा माणूस सजवत बसते," ते म्हणत. "खऱ्याले सजवाले टाइम नसते." ते स्वतःही तसेच वागत. वहिनींची कायमची तक्रार होती की हा माणूस तालमीत एवढा बोलतो आणि घरी आला की मुका होतो. इतक्या वर्षांत कारखान्यात नेमकं काय बनतं हेसुद्धा त्यांनी वहिनींना धड सांगितलं नव्हतं. यायचे, बूट काढायचे, "खलास" म्हणायचे आणि जेवायला बसायचे.

आणखी एक गोष्ट त्यांना खपत नसे. नाटकात कुणी घर सोडून निघालं की दारात थबकून मागे वळून बघायचं, हे आम्हा सगळ्या हौशी नटांना कुणी न शिकवता येतं. साहेबांनी प्रत्येक नाटकातून ते वळणं कापलं. प्रवासाला निघालेला माणूस पासपोर्ट चाचपतो, बॅग मोजतो, मागे बघत नाही, असं त्यांचं मत होतं. माझं एक फार सुंदर वळणं त्यांनी असं मारून टाकलं. त्याबद्दल मी बरेच दिवस त्यांच्यावर रुसलो होतो.

कौतुक हा प्रकार त्यांच्याकडे नव्हताच. नाटक झालं, लोक उठून टाळ्या वाजवत आहेत, आम्ही मेकअपसकट त्यांच्या तोंडाकडे बघतोय, आणि साहेब म्हणणार, "ठीक." बिलिव्हेबली कर, बिलिव्हेबली बस, बिलिव्हेबली रड, हे आम्ही हजारदा ऐकलं. बिलिव्हेबली केलं, असं त्यांनी कुणालाही म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी तर त्या एका वाक्यासाठी वर्षानुवर्षं मरत होतो.

प्रज्ञा लहान होती तेव्हापासून तालमीला यायची, खोक्यांवर बसून अभ्यास करायची. एकदा एका नाटकात भांडणाच्या प्रसंगात मागे जेवत बसलेली मुलगी हवी होती, तेव्हा साहेबांनी तिला बसवलं. आई-बाप भांडतायत, तिला सगळं ऐकू येतंय, पण तिनं काही बोलायचं नाही. पोरीनं आधी घास हातात धरून डोळे मोठे केले. मग चेहरा रडवेला केला. साहेब म्हणाले, "काहीच करू नको. जेवत राह्य." तिनं मग नुसतं जेवून दाखवलं. प्रयोगाच्या दिवशी हॉलमधल्या बायकांनी माझ्याकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघून डोळे पुसले. घरी जाताना साहेबांनी तिला सांगितलं, "ठीक."

मग एका जानेवारीत, कामाच्या दिवशी, भर दुपारी, साहेब युनिफॉर्ममध्ये माझ्या दुकानात आले. हातात हेल्मेट आणि जेवणाचा डबा. नळ बघत असल्यासारखे ते थोडा वेळ शोकेसपाशी उभे राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर मला म्हणाले की कारखान्यातला त्यांचा विभाग बंद झाला, नोकरी गेली. एकच वाक्य. वर काही सजवलं नाही, म्हणून मला ते लगेच पटलं. कंपनीनं एवढं केलं होतं की व्हिसा मार्चअखेरपर्यंत ठेवला होता. तोवर दुसरीकडे काही जमलं तर ठीक, नाहीतर सगळ्यांनी अकोल्याला परत जायचं.

पण त्यांची काळजी वेगळीच होती. प्रज्ञा बारावीला होती. तिला आर्किटेक्चरला जायचं होतं. फार मनाला लावून घेणारी पोर. दहावीच्या परीक्षेतच वहिनींचं ऑपरेशन निघालं होतं, तेव्हा गणिताच्या पेपरला ही मुलगी कोरा कागद समोर ठेवून नुसती बसून राहिली होती. ते साहेबांच्या मनातून गेलं नव्हतं. आता शेवटचा पेपर होईपर्यंत तिला यातलं काही कळता कामा नये, असं त्यांनी आणि वहिनींनी ठरवलं होतं. "मार्चपर्यंत मले कामावर जायचं आहे, परकारभाऊ," ते म्हणाले. "जागा द्या."

जागा होतीच. दुसऱ्या दिवसापासून साहेब नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या युनिफॉर्ममध्ये, वहिनींनी दिलेला डबा घेऊन घरातून निघायचे. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानाच्या, मागे दाट दुधाचा करक चहा घेत माझी वाट बघत थांबायचे. मी सावकाश निघणारा माणूस, पण त्या दिवसांत लवकर उठायला लागलो. दिवसभर ते स्टोअररूममध्ये माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर अर्ज करत, फोन करत. बहुतेक ठिकाणी त्यांना ‘इंशाल्ला’ असं उत्तर मिळे. हा शब्द आमच्या घरातला. तो मनापासून म्हटलेला कसा असतो आणि फोन ठेवण्यासाठी म्हटलेला कसा असतो, हे मला कळतं. साहेबांनाही कळायला लागलं होतं. फोन ठेवून ते माझ्याकडे बघत आणि मान हलवत. हाही बिलिव्हेबली नव्हता.

दुपारनंतर मात्र त्यांच्यातला दिग्दर्शक जागा व्हायचा. घरी जायच्या आधी ते हेल्मेट घालून बसत, कपाळावर पट्ट्याचा वळ उमटावा म्हणून. पंखा बंद करत, शर्टाला घाम यावा म्हणून. कार्टनवरची धूळ बोटानं घेऊन बुटांना लावत. बेसिनच्या आरशात बघून ती थोडी पुसत, कारण जास्त झाली तर पटणार नाही. हे सगळं बघून मला एकीकडे हसू यायचं आणि दुसरीकडे त्या माणसाला जवळ घ्यावंसं वाटायचं. माझ्यानं दोन्ही होत नसे, म्हणून मी चहा करायचो, बिलिव्हेबली.

हेल्मेट घालून बसल्या बसल्या ते घरी सांगायची त्या दिवसाची गोष्ट रचत. आज नवा मॅनेजर आला, आज क्रेन अडकली, आज बंगाली फोरमन आणि मल्याळी स्टोअरकीपर यांची जुंपली. मीही हौसेनं भर घालत असे. कारखान्याच्या कँटीनमधली एक लंगडी मांजर तर आम्ही दोघांनी मिळून जन्माला घातली. ती मासे खात नाही, फक्त पराठा खाते, हा तपशील माझा. प्रज्ञाला ती मांजर फार आवडली, असं साहेब दुसऱ्या दिवशी खूश होऊन सांगत. अभ्यासातून उठून जेवायला आली की ती आधी मांजर कशी आहे विचारायची. मग आम्ही मांजरीला पिल्लं दिली. फेब्रुवारीत मांजर हरवली आणि दोन दिवसांनी सापडली. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं लेखन कधी केलं नाही.

नोकरी काही मिळाली नाही. मार्च संपत आला आणि प्रज्ञाचा शेवटचा पेपर आला. त्या दुपारी साहेबांनी मला गाडी घेऊन शाळेपाशी यायला सांगितलं. वहिनी घरी सामान बांधत होत्या. तोवर सगळं कपाटाआड चाललं होतं, आता उघड करायला हरकत नव्हती. साहेब माझ्या शेजारी बसले होते, साध्या कपड्यांत, आणि तोंडातल्या तोंडात वाक्याची तालीम करत होते. मी त्यांना एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

प्रज्ञा आली, मागे बसली. पेपर सोपा गेला म्हणाली. मी गाडी सुरू केली नाही. साहेब समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "प्रज्ञा, माही नोकरी गेली. जानेवारीतच गेली. मी तुले सांगितलं नाही."

मागे पाण्याची बाटली उघडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आय नो, बाबा."

साहेब मागे वळले. मीही वळलो. ती पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होती. कोणी सांगितलं, असं साहेबांनी विचारलं आणि रागानं माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात वर केले. कुणीच नाही सांगितलं, ती म्हणाली. "यू स्टार्टेड टॉकिंग." आणि मग, आमच्यासमोर ती कधीच बोलायची नाही त्या मराठीत, शब्द शोधत शोधत म्हणाली, "तुम्ही कधी काही सांगत नव्हता. घरी यायचे आणि खलास म्हणायचे. जानेवारीपासून रोज एक गोष्ट. इतकी चांगली गोष्ट. मला दुसऱ्याच दिवशी कळलं."

गाडीत बसून मला तेव्हा समजलं की आम्ही काय करून बसलो होतो. वळ, घाम, धूळ, सगळं बरोबर होतं. फक्त आम्ही सजवत बसलो होतो. सगळ्या बहारीनला जे त्यांनी शिकवलं, तेच नेमके ते स्वतः विसरले, आणि मी, त्यांचा इतक्या वर्षांचा नट, शेजारी बसून मांजरीला पिल्लं देत होतो.

तू बोलली का नाहीस, असं त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली की बाबांना वाटत होतं तिनं पेपर नीट द्यावेत. म्हणून दिले. रोज घरून निघायला आणि परत यायला बाबांना इतके कष्ट पडत होते, मग तिनं अभ्यास कसा नसता केला? मग तिनं बाटली दप्तरात ठेवली. "मांजरीचं वाईट वाटलं," ती म्हणाली. "ती खरी असती तर बरं झालं असतं."

साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं आता ते तिला जवळ घेतील, निदान रडतील. पण त्यांच्या कपाळाला आठी पडली होती, तालमीत एखादा प्रसंग त्यांना उलगडत नसला की पडायची तशी. "पण मले समजलं कसं नाही?" ते म्हणाले. "रोज माह्यासमोर बसत होती तू. मी रोज तुह्या तोंडाकडे पाहत होतो."

"मी काहीच केलं नाही, बाबा," प्रज्ञा म्हणाली. "जेवत राहिले. तुम्हीच सांगितलं होतं."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घातला, मग काढला, मग शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. बराच वेळ पुसल्यावर मागे हात नेऊन तिच्या डोक्यावर ठेवला. "बिलिव्हेबली केलं वं पोरी," ते म्हणाले. "बिलिव्हेबली केलं."

मी गाडी सुरू केली. इतकी वर्षं मेलो मी, आणि वाक्य मिळालं तिला. पण खरं सांगतो, त्या दिवशी मला तिचा हेवा वाटला नाही. सनद येईपर्यंत समोरचा रस्ता मला नीट दिसत नव्हता, एवढंच.

महिनाअखेरीस ते गेले. जयंतीला दोन आठवडे होते, नाटक अर्धं बसलं होतं. त्यांनी ते माझ्या हवाली केलं आणि कोणी कुठे सजवतंय हे मला बोट ठेवून सांगितलं. त्यात माझंच नाव जास्त वेळा आलं. एअरपोर्टवर मी एकटाच सोडायला गेलो होतो. दोरीनं बांधलेल्या खोक्यांवर प्रज्ञानं मोठ्या अक्षरांत नाव घातलं होतं. वहिनींनी मला लोणच्याची बरणी दिली आणि लवकर जेवत जा म्हणाल्या. प्रज्ञानं मला नमस्कार केला आणि मांजरीची काळजी घ्या असं मराठीत सांगितलं. साहेबांनी माझा हात हातात घेतला, जयभीम म्हणाले, खिशातला पासपोर्ट चाचपला, बॅगा मोजल्या आणि ट्रॉली ढकलत निघाले. अगदी त्यांच्या नियमाप्रमाणे.

आणि आत जायच्या दारापाशी ते थबकले आणि मागे वळले. त्यांनी अख्खा हात वर केला, गावजत्रेतले नट करतात तसा. मागच्या माणसाची ट्रॉली त्यांच्या टाचेला लागली. ते दोन पावलं पुढे गेले आणि पुन्हा वळले. प्रज्ञानं त्यांची बाही ओढली, तरी पुन्हा वळले. माझं जे वळणं त्यांनी कापलं होतं, त्याहून हे कितीतरी वाईट होतं. तालीम असती तर मी तिथल्या तिथे थांबवलं असतं.

मी हात वर केला नाही. मी खिशात गाडीची किल्ली शोधत होतो. सगळे खिसे पाहिले, खाली वाकून फरशीवर पाहिलं. ते आत दिसेनासे झाले तरी मी शोधतच होतो, आणि किल्ली माझ्या हातात होती.